मायाक्काच्या शेंगा

मायाक्का मला आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे एवढ्या प्रेमानं तिच्याबद्दल का लिहिलंस असं पुढं कुणी विचारायला नको. प्रेमबिम काही नाही. तिलाही माझ्याबद्दल नव्हतं. आमची ओळख पाच वर्षांची, आणि त्या पाच वर्षांत आम्ही एकमेकांशी एकही गोड शब्द बोललो नाही. पण नोकरीच्या चौतीस वर्षांत ज्या एका माणसापुढं माझी मान खाली गेली ते माणूस म्हणजे ही बाई. म्हणून सांगणं भाग आहे.

मी कोंडीबा. गाव करकंब. मॅट्रिक झाल्यावर जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो आणि सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो, अशा हिवरगावात नेमणूक झाली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. उरलेले सहा दिवस मीच डॉक्टर. लोक कंपौंडर म्हणायचे, पण सूर डॉक्टरचा असायचा. तेवीस वर्षांच्या पोराला इतका मान मिळणं फार वाईट. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला गरजच नव्हती, ताक लोक घरी आणून देत.

हिवरगावापासून कोसभर, ओढ्याच्या काठाला थोरलीवाडी होती. पंधरा-वीस घरं, सगळी धनगरांची. थोडी ज्वारी, बाकी सगळं मेंढरांवर. मायाक्का तिथली. नवरा निंगप्पा कधीच वारला होता, मुलगा सोलापुरात गिरणीत लागला तो तिकडचाच झाला. ही एकटी चाळीस-बेचाळीस मेंढरं राखून होती. अंगानं काटकी, नाकात मोरणी, खांद्यावर कायम एक लांब आकडी. आकडी म्हणजे बांबूच्या टोकाला बांधलेला विळा, बाभळीच्या शेंगा नि पाला पाडायचा. त्या आकडीनं तिनं वाडीतल्या निम्म्या माणसांना कधी ना कधी ढोसलेलं होतं.

पहिल्याच भेटीत माझं नि तिचं वाजलं. मी देवीची लस घेऊन गेलो होतो. बाकीच्यांनी मेंढरं पुढं केली. ही आपल्या वाडग्याच्या तोंडाशी आकडी आडवी धरून उभी. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची काटेरी कुंपणाची जागा.

"माज्या मेंढराला सरकारची सुई लागणार न्हाय," ती म्हणाली.

"रोग आला म्हणजे रडत येशील माझ्याकडं," मी म्हणालो.

"तुज्याकडं रडाय मी काय तुजी बायकू हाय व्हय?"

सगळी वाडी खदाखदा हसली. माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. पुढं महिनाभर हिवरगावच्या चावडीवर पोरंसोरं मला बघून तेच वाक्य म्हणायची. त्या दिवसापासून मी मनात गाठ मारली की या बाईचं काही ऐकायचं नाही. आणि ही गाठ मी इमानानं पाळली. तिथंच सगळा घात झाला.

तिची एक रीत होती. वाडीतले बाकीचे लोक बाभळीच्या शेंगा संध्याकाळी टाकायचे, मेंढरं चरून आल्यावर, असल्या तर. ही सकाळी टाकायची. दिवस उगवायला पाटी भरून शेंगा वाडग्यात ओतायची आणि ती संपल्याशिवाय एक मेंढरू बाहेर काढायची नाही. लोक हसायचे. शेंगेनं तोंड तुरट होतं, मग मेंढरू दिवसभर चरणार काय? पण बहात्तरच्या दुष्काळात वाडीतली निम्मी मेंढरं हिरवं दिसेल ते खाऊन फुगून मेली, आणि हिची टिकली. ती म्हणायची, "पोटात काय तरी असंल तर जनावर वाटंत इखारी पाला खात न्हाय. माणसाचं बी तसंच हाय. उपाशी माणूस कुणाचं बी ऐकतंय." शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून असायचं.

चौऱ्याहत्तर साली ज्येष्ठात पाऊस तोंडावर आला तेव्हा वरून हुकूम आला की मेंढरांना जंताचं औषध पाजून घ्या. पाऊस पडला की ओल्या गवतातून पोटात जंत जातात, आधीच्या जंतांत त्यांची भर पडते आणि मेंढरू वाळत जातं. तेव्हा आमच्याकडं औषध एकच. मोरचूद. निळे खडे पाण्यात विरघळवायचे, शंभराला एक भाग, आणि मोठ्या मेंढीला एक नळकांडं, कोकराला अर्धं. आदल्या संध्याकाळपासून जनावर उपाशी पाहिजे, म्हणजे औषध नीट लागू होतं. मी स्वतः वाडीत जाऊन दवंडी दिल्यासारखं सांगितलं: काही खायला घालायचं नाही, जो घालील त्याच्या मेंढरांना औषध मिळणार नाही.

याच मोरचुदाचं दुसरंही पाणी आम्ही करायचो. पावसाळ्यात मेंढरांचे खूर चिखलात कुजतात, त्यासाठी. ते पाणी पोटाच्या औषधाच्या पाचपट कडक, त्यात फक्त पाय बुडवायचे. दोन्ही पाणी रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत भरून दवाखान्याच्या कोपऱ्यात शेजारी-शेजारी ठेवलेली. खुरांच्या डब्यावर मी चुन्यानं फुली मारली होती. चुना ओल्या हातानं पुसला जातो हे कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही.

सकाळी सायकलच्या कॅरिअरला एक डबा बांधून मी थोरलीवाडीत गेलो. बिरोबाच्या देवळापुढं लिंबाखाली लोक जमले होते. पहिला कळप धुळाप्पाचा. धुळाप्पा म्हणजे वाडीतला सगळ्यात मोठा मेंढरंवाला, सत्तर डोकी, आणि ओढ्याकाठच्या बाभळींवरून मायाक्काशी त्याचं जन्माचं वैर. त्याची मेंढरं रात्रभर उपाशी होती, ओरडून ओरडून घसे बसलेले. मी डब्याचं झाकण काढलं.

मायाक्का आकडीला टेकून बघत उभी होती. वाकून डब्यात डोकावली आणि मोठ्यानं म्हणाली, "लई निळं हाय की रं आज. मागच्या साली असं नव्हतं."

सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी डबा तपासला असता, जिभेला बोट लावून बघितलं असतं, दवाखान्यात परत जाऊन आलो असतो. ती म्हणाली म्हणून मी बघितलंसुद्धा नाही.

"तू मेंढरं राख," मी म्हणालो. "रंग आम्हाला कळतात."

आणि पाजायला सुरुवात केली. मालकानं मेंढराचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरायचा, मी नळकांडं आत घालून ओतायचं, अशी पद्धत. दुपारपर्यंत पाच कळप झाले. शेवटी मायाक्का राहिली. ती तयार नव्हतीच. पण वाडीतला म्हातारा पंच भीमाआबा तिला म्हणाला की तुझी मेंढरं पाजली नाहीत तर तुझे जंत आमच्या मेंढरांना लागतील, मग आमच्यात चरायचं नाही. त्यावर तिनं वाडगं उघडलं. आत शेंगांच्या साली आणि बिया पडलेल्या.

"खायला घातलंस?" मी ओरडलो.

"घाटलं. रोज घालती."

"मग औषध लागू होणार नाही. पुन्हा माझ्या नावानं बोंबलू नकोस."

"तुज्या नावानं बोंबलाय तुजं नाव काय द्येवाचं हाय?"

हात दुखत होते, ऊन डोक्यावर होतं. मी रागारागात तिचीही सगळी पाजली. ती एकेकाचा जबडा धरत होती आणि तोंडानं मला शिव्या देत होती. डब्यात थोडं उरलं. परत न्यायचा कंटाळा आला, म्हणून डबा देवळाच्या ओवरीत ठेवला आणि रिकाम्या सायकलवर घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच माणूस आला. धुळाप्पाची मेंढरं तोंडातनं निळसर फेस गाळत होती, पोट आवळून उभी राहत होती नि बसत होती, हिरवं-निळं हगत होती. मी पोचेपर्यंत अकरा मेली होती. दुपारपर्यंत एकतीस. बाकीच्या कळपांतही तेच. तिसऱ्या दिवशी आकडा चौऱ्याण्णववर गेला. बायका मेंढरांची तोंडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी ताक पाजा, चुन्याची निवळी पाजा, असं काहीबाही सांगत फिरत होतो. मला एवढंच दिसत होतं की मायाक्काच्या वाडग्यात मेंढरं मान खाली घालून उभी आहेत, सुस्त आहेत, काळसर हगतायत, पण उभी आहेत.

डॉक्टर आले. त्यांनी एक मेंढी फाडली, पोटाचं अस्तर हिरवंनिळं झालेलं.

"औषध कसं केलं होतंस?"

"नेहमीसारखं," मी म्हणालो.

तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मेंढरं मरतायत म्हणून माणूस आला त्याच सकाळी निघताना मी दवाखान्याच्या कोपऱ्यातला उरलेला डबा उघडून बघितला होता. आतलं पाणी फिक्कं होतं. पोटाचा डबा दवाखान्यातच राहिला होता आणि खुरांचा मी पाजला होता. नुकताच मी नोकरीत कायम झालो होतो. घरी दोन बहिणी लग्नाच्या. हे कारण म्हणून सांगत नाही. भ्यालो, एवढंच.

डॉक्टरांनी पोटातला ऐवज बरणीत घालून माझ्याच हाती दिला आणि सोलापूरला पाठवलं. चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली म्हणतात ती अशी. सात रस्त्याला एसटीतून उतरलो, बरणी छातीशी धरून आमच्या जिल्हा कार्यालयात गेलो. तिथं मागच्या खोलीत वीरभद्रप्पा म्हणून तपासनीस बसायचे. अक्कलकोटकडचे, कपाळावर भस्म, बोलणं निम्मं कानडी. त्यांनी बरणीतलं पाणी गाळून काचेच्या नळीत घेतलं, त्यात अमोनियाचे चार थेंब टाकले. पाणी शाईसारखं गर्द निळं झालं.

"एनप्पा कंपौंडर," ते म्हणाले, "हे तांबं आहे. आणि भरपूर आहे. मोरचूद काय शेर-शेर पाजलं काय?"

 मी उलट विचारलं की त्याच औषधावर एका बाईची मेंढरं जगली, ते कसं.

"काय खाल्लं होतं त्यांनी?"

"बाभळीच्या शेंगा."

वीरभद्रप्पा उठले. कार्यालयाच्या आवारात एक बाभूळ होती, तिच्याखालून त्यांनी ओंजळभर शेंगा उचलून आणल्या, ठेचल्या, दिव्यावर उकळल्या. चहासारखं पाणी झालं. मग दुसऱ्या नळीत मोरचुदाचं निळं पाणी घेऊन त्यात ते ओतलं. निळं पाणी गढूळलं, तपकिरी झालं, आणि बघता बघता चिखलासारखा गाळ खाली बसायला लागला. वर राहिलेल्या पाण्यात निळेपणा जवळजवळ उरला नव्हता.

"मोरचूद पाण्यात गेलं की त्यातलं तांबं सुटं होतं, मोकाट हिंडतं," ते म्हणाले. "शेंगेत तुरट द्रव्य आहे. टॅनिन म्हणतात. कातडं कमावणारे बाभळीची साल वापरतात ना, ते यासाठीच. हे तुरट द्रव्य तांब्याला मिठी घालतं आणि सोडत नाही. दोघंही गाळ होऊन बसतात. तांबं मोकळं राहिलं तर रक्तात जाणार. त्या बाईच्या मेंढरांच्या पोटात शेंगा आधीच बसल्या होत्या. आणि बाकीच्यांच्या पोटात काय होतं?"

"काही नाही. उपाशी होती."

"उपाशी कुणी ठेवली?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. तेवढं एक खरं बोललो.

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बराच वेळ बघितलं. रिपोर्ट पंधरा दिवसांत टपालानं जाईल म्हणाले. म्हणजे माझ्याकडं पंधरा दिवस होते, आणि पंधरा दिवसांत काहीतरी सुचेल असं मला वाटत होतं.

वाडीला त्याआधीच सुचलं होतं. चौऱ्याण्णव मेली आणि मायाक्काची सगळी जगली, याचा अर्थ लावायला त्यांना काचेची नळी लागली नाही. तिनं करणी केली. पुरावा? डब्यात वाकून तिनंच बघितलं, "लई निळं हाय" असं तिनंच म्हटलं, आणि तिनं म्हटल्यावरच औषध फिरलं. हे धुळाप्पा देवळापुढं ओरडून ओरडून सांगत होता. सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं ना! ज्या वाक्यानं चौऱ्याण्णव जीव वाचायचे तेच आता तिच्या गळ्यात अडकवलं होतं. आडावर तिला पाणी भरू देईनात. तिच्या कुत्र्याला कुणीतरी दगड घालून लंगडं केलं. रविवारी बिरोबापुढं बैठक ठरली: तिला वाळीत टाकून पावसाआधी वाडीतून घालवायची. मेंढरं घेऊन एकटी बाई ऐन पावसाळ्यात कुठं जाणार, याचा विचार कुणी केला नाही. मी केला. करून गप्प बसलो.

बैठकीला मला साक्षीला बोलावलं. मी ठरवून गेलो की खरं बोलायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी माझी मी समजूत घातली होती.

भीमाआबानं देवापुढची भंडाऱ्याची थाळी आणून मध्ये ठेवली. धनगरांत भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही, बोलला तर त्याचं वाडगं ओस पडतं असा धाक. भीमाआबा म्हणाला, "मायाक्का, भंडारा उचल आन् सांग, तू काय केलं न्हाईस म्हून."

"उचलती की," मायाक्का म्हणाली. शेंगांची पाटी तिच्या शेजारीच होती, बैठकीलाही ती मेंढरांसाठी पाडलेल्या शेंगा घेऊनच आली होती. "पर आदी ज्यानं पाजलं त्यानं उचलावा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. थाळी माझ्यापासून चार हातांवर होती. 

धुळाप्पानंच मला वाचवलं. "त्यो सरकारी माणूस हाय. त्येचा काय संबंद? तू उचल, भवाने!"

मायाक्कानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी सहन केला असता. ती हसली.

"बरं, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्येला नगा उचलाय लावू. त्येचा काय दोस न्हाय. त्येला फिकं निळं कंचं आन् गडद निळं कंचं ह्येच कळत न्हाय, बिचाऱ्याला. साळा शिकून बी अडाणीच ऱ्हायलं. आंदळ्याच्या हातात डबा दिला सरकारनं, त्यो तरी काय करणार?"

दोनचार बायका हसल्या. तेच पाच वर्षांपूर्वीचं हसू. आणि माझं डोकं फिरलं. देव आठवला नाही, मेलेली मेंढरं आठवली नाहीत, त्या बाईवर चाललेला अन्याय तर नाहीच नाही. मला फक्त एवढंच वाटलं की ही मला अडाणी म्हणते!

"कळतं मला!" मी उठून ओरडलो. "गडद निळा डबा खुरांचा, फिका पोटाचा! मीच ते पाणी केलंय, मला नाही कळणार? डबा चुकला! खुरांचं पाजलं मी!"

बोलून झालं आणि मग मला ऐकू आलं की मी काय बोललो.

 मग धुळाप्पा भीमाआबाकडं वळून म्हणाला, "बगा! बगा! ह्येच्यावर बी केलं हिनं. हिला वाचवाय आता ह्यो खोटं बोलाय लागला."

आणि लोक माना डोलवायला लागले. खरं बोलायला मला इतके दिवस लागले आणि ते कुणी घेईना. मी वेड्यासारखा ओवरीत गेलो, तो उरलेला डबा ओढत आणला. पिशवीतनं औषधाच्या दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या काढल्या. मायाक्काच्या पाटीकडं हात केला तर तिनं हातावर आकडी मारली.

"माज्या शेंगांना हात लावू नगंस."

"तुझ्यासाठीच करतोय गं!"

"माज्यासाटी काय बी करू नगंस."

पण मग तिनंच ओंजळभर शेंगा उचलून माझ्या पुढ्यात फेकल्या, कुत्र्याला भाकरी टाकावी तशा. तीन दगड मांडून गाडग्यात शेंगा उकळल्या. तितका वेळ सगळी वाडी उभी होती, कुणी हललं नाही. दोन्ही बाटल्यांत डब्यातलं पाणी निम्म्यापर्यंत भरलं. एका बाटलीत आडाचं साधं पाणी ओतलं, ते निळंच राहिलं. दुसरीत शेंगांचा काढा ओतला. निळं मेलं. तपकिरी चिखल तळाशी बसायला लागला. मी दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या.

"ही तुमच्या मेंढरांची पोटं," मी साध्या पाण्याची बाटली दाखवून म्हणालो. "आणि ही हिच्या. हिनं शेंगा घातल्या म्हणून औषधातलं तांबं शेंगांनी धरून ठेवलं. तुम्हाला उपाशी ठेवायला मी सांगितलं. तुम्ही माझं ऐकलंत म्हणून तुमची मेली."

भीमाआबानं बाटली हातात घेऊन वास घेतला, हलवली, पुन्हा उन्हात धरली. मग खाली ठेवून म्हणाला, "खरं हाय."

मग त्यांनी मला मारलं. पहिला फटका धुळाप्पाचा. एकतीस मेंढरांचा राग होता, मी त्याला दोष देत नाही. दोन दात तिथंच गेले, ही फट अजून आहे. मायाक्का आकडीला टेकून बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पुरं करा. मेला तर पोलीस हितं येत्याल."

रिपोर्ट आला, मी निलंबित झालो. आठ महिने करकंबला घरी बसलो, बापानं त्या आठ महिन्यांत माझ्याशी आठ वाक्यंसुद्धा बोलली नाहीत. मग श्रीपूरला बदलीवर घेतलं, तिथं साखर कारखान्याच्या गाड्यांचे बैल बघायचे. जायच्या आधी एकदा हिवरगावला सामान आणायला गेलो, तेव्हा मनात आलं की त्या बाईची माफी मागावी. मला वाटत होतं, एवढं केलं तिच्यासाठी, मार खाल्ला, नोकरी जाता जाता राहिली, आता तरी दोन बरे शब्द बोलेल. माणूस किती मूर्ख असतो!

सकाळची वेळ होती. वाडीत शिरलो तर धुळाप्पा आपल्या मेंढरांपुढं शेंगा ओतत होता. सगळी वाडीच आता सकाळी शेंगा टाकत होती. मायाक्काची माफी मात्र कुणी मागितली नव्हती. मायाक्का वाडग्यापाशी होती, लंगडं कुत्रं माझ्यावर भुंकलं.

"का आलास?"

"माफी मागायला."

"मागून झाली? जा."

मी सायकल वळवली. वळवताना वाडग्यामागं नजर गेली. तिथं ओळीनं तीन ढिगारे होते, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून वर बाभळीच्या काटेरी फांद्या नि दगड रचलेले. ढिगारे लहान होते. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस, किती मोठं जनावर कुठं मावतं हे मला कळतं.

"कोकरं?" मी विचारलं.

तिनं एका ढिगाऱ्यावरची सरकलेली फांदी आकडीनं नीट केली.

"कधी मेली?"

"तवाच."

मग माझ्या लक्षात आलं. शेंगा कडक असतात, कोकरं त्या चावत नाहीत, आईला पितात. पोटात शेंग नव्हती आणि मी अर्धं-अर्धं नळकांडं पाजलं होतं. म्हणजे तिचीही मेली होती. आणि वाडी म्हणत होती की हिचं एकही मेलं नाही, म्हणून ही करणीवाली. तिनं ही तीन कोकरं बैठकीत आणून टाकली असती तर तिथंच सुटली असती. माझ्या बाटल्या लागल्या नसत्या, काही लागलं नसतं.

मला तिचा इतका संताप आला की मी माफीबिफी विसरलो. "दाखवली का नाहीस? वाळीत टाकणार होते तुला! एक शब्द बोलली असतीस तर सुटली असतीस!"

"मेलेली लेकरं दाखवून सुटू?"

"तुझा काय दोष होता त्यात? पाजलं मी!"

मायाक्कानं आकडी खाली ठेवली. पाच वर्षांत तिनं आकडी अशी जमिनीवर आडवी ठेवलेली मी पहिल्यांदाच बघितली. आपले दोन्ही हात तिनं माझ्यापुढं धरले, जबडा उघडताना धरतात तसे.

"तू वतलंस," ती म्हणाली. "पर मला दिसत हुतं ते निळं हाय म्हून. दिसत हुतं, तरी बी तोंडं म्या धरली."

मी तिथून निघालो. नंतरच्या तीसेक वर्षांत श्रीपूरला, आणि पुढं जिथं जिथं गेलो तिथं, मी हजारो जनावरांना औषध पाजलं. पण मालकाला कधी जबडा धरू दिला नाही. लोक म्हणायचे, कंपौंडर, आम्ही धरतो की, तुम्ही पाजा. मी नाही म्हणायचो. एका हातानं मीच धरायचो आणि दुसऱ्या हातानं मीच ओतायचो.